खाचेत बसला म्हणून सेल चार्ज होत नाही

रिमोटमधले पेन्सिल सेल संपले की ते चार्जरमध्ये लावून पाहणारे खूप जण आहेत. खाचेत नीट बसतात, म्हणजे चार्ज होणारच, असं त्यांना वाटतं. हाच सगळ्यात घातक गैरसमज. साधे अल्कलाइन सेल एकदाच वापरायचे असतात. त्यांना चार्ज करायला गेलं की आत वायू तयार होऊन दाब वाढतो, सेल फुगतो, कधी फुटतो. त्यातून झिरपणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचा भाजतं आणि डोळ्यांत गेलं तर दृष्टीवर बेततं. तसं झालंच तर डोळे वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

घरच्या नेहमीच्या चार्जरला चालतात ते निकेल-मेटल हायड्राइडचे सेल. त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं, शिवाय 1.2 व्होल्ट हा आकडा असतो. हल्ली 1.5 व्होल्टचे लिथियमचे रिचार्जेबल सेलही त्याच आकारात मिळतात. ते या चार्जरमध्ये चुकूनही लावू नका. त्यांच्यासाठी सांगितलेला चार्जर किंवा केबलच वापरा.

1.2 व्होल्ट म्हणजे सेल कमजोर, असंही नाही. अल्कलाइन 1.5 वर सुरू होतो आणि वापरताना उतरत जातो. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल मात्र बराच वेळ 1.2 च्या आसपास टिकून राहतो.

रात्रभर लावून ठेवलं तर काय बिघडतं? ते चार्जरवर अवलंबून आहे. चांगला चार्जर प्रत्येक सेलकडे वेगळं लक्ष देतो. सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो; तेवढ्यावरून चार्जर ओळखतो आणि चार्जिंग थांबवतो. स्वस्त चार्जर बरेचदा थांबतच नाही. तिथे हिशेब आपणच करायचा: 2000 एमएएचचा रिकामा सेल 200 मिलीअँपिअरवर भरायला साधारण 15 तास लागतात. किती मिलीअँपिअर, हे चार्जरच्या पाठीवर छापलेलं असतं. सेल कोमट लागला तर चिंता नको. हातात धरवत नसेल तर आधी प्लग काढा. गादीवर किंवा पांघरुणाखाली चार्जर कधीच ठेवू नका.

पूर्ण संपवूनच चार्ज करायचं, हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला. आताच्या सेलना त्याने उलट अपाय होतो. टॉर्चमध्ये एकापाठोपाठ लावलेल्यांपैकी दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्यामुळे त्याचे ध्रुव उलटे होतात. म्हणून उजेड मंदावला की टॉर्च बंद करा, आणि जुना-नवा सेल जोडीने वापरू नका.

वेष्टन फाटलेले, गळणारे सेल मात्र पुन्हा चार्जरला लावू नका. ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.