फोनची फवारणी आधीच करा (सर्व सभासदांनी पूर्ण वाचावे)



आज पिकाचं नाही, फोनचं सांगतोय.

मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाच्या नंबरवरून ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाईल आली. नाव ओळखीचं, म्हणून दोघा-तिघांनी उघडली. एकाच्या खात्यातून उसाच्या बिलाचे पैसे गेले. मी ग्रुपचा अॅडमिन, पण फिल्डवर होतो, फाईल डिलीट करायला उशीर झाला.

ज्यांच्या नावाने आली त्यांनी ती पाठवलीच नव्हती. ही एपीके फाईल. इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो, आणि तीच फाईल तुमच्या नावाने पुढच्या ग्रुपवर जाते.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" असं म्हणू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून ९४ कोटींहून जास्त रक्कम काढली. एवढ्या मोठ्या बँकेचं असं, तर आपली कंपनी केवढीशी! डाळिंबावर तेल्या दिसल्यावर धावपळ करून बाग हाती लागत नाही, तसंच हे.

*कंपनीने काय बदललं*
पट्टीचे पैसे सोडायला आता दोघांची मंजुरी लागते. खाते क्रमांक व्हॉट्सअॅपवर बदलून मिळणार नाही. पासबुक घेऊन ऑफिसला या. नोंदीतल्या नंबरवर फोन करून आम्ही खात्री करू. बारामतीला एक चक्कर पडेल, पण पट्टी दुसऱ्याच्या खात्यात गेली तर परत आणणं अवघड आहे.

*तुम्ही काय करायचं*
१) एपीके फाईल उघडू नका, सख्ख्या भावाकडून आली तरी. अॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या.
२) व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. सहा अंकी पिन लक्षात ठेवा, कुणाला सांगू नका.
३) पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा.
४) फाईल उघडलीच असेल तर आधी नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० ला कळवा. चोराने पैसे काढायच्या आत तक्रार गेली तर रक्कम अडवता येते. लाजेखातर रात्र घालवू नका.

जमत नसेल तर खत न्यायला याल तेव्हा फोन दाखवा, पाच मिनिटांत करून देतो.

आपला,
कृषी सल्लागार