गव्हाण घरची, दाणा मापाचा

व्यापारी समाजात जीवदयेची परंपरा फार जुनी आहे. पर्युषणात, वडिलांच्या पुण्यतिथीस किंवा दिवाळीच्या वहीपूजनानंतर पांजरपोळास चारा-दाणा धाडण्याची प्रथा अनेक पेढ्या पाळीत आल्या आहेत. परंतु दान पोहोचले म्हणजे ते मुक्या जिवाच्या कामी आलेच, असे नव्हे. देवास गेट परिसरात आम्ही आयुष्यभर धान्याचाच व्यवहार केला. म्हणून धान्य कोठे उपकारक व कोठे घातक, हे सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

गाय, शेळी, हरीण ही सर्व रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या पहिल्या मोठ्या जठरात असंख्य सूक्ष्म जंतू असतात व तेच गवत-कडब्याचे पचन करतात. अशा जनावरास एकाएकी पोटभर गहू, ज्वारी किंवा मका घातला, की पिष्ट वेगाने आंबून जठरात आम्ल साचते. उपकारक जंतू मरतात, रवंथ थांबते, हगवण लागते व एक-दोन दिवसांत जनावर दगावूही शकते. म्हणून मुख्य आहार गव्हांडा, कडबा व हरभऱ्याचे भूस यांचाच असावा. दाणा मूठभरापासून आरंभून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, तोही पशुवैद्याच्या सल्ल्याने.

माळव्याच्या शिवारात हिंडणाऱ्या काळविटांसाठी दाणापात्र ठेवावे काय, असा प्रश्न सहज मनात येतो. आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आमिष ठेवणेही येते. शिवाय एका ठिकाणी कळप जमले की रोग पसरतो, कुत्री टपून बसतात आणि शेजारच्या शेतकऱ्याचे पीक जाते. अमेरिकेत घरोघरी हरिणांची दाणापात्रे करण्याची हौस आहे. परंतु हरिणांतील एका असाध्य रोगाचा फैलाव रोखण्यासाठी तेथीलही अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टर व ‘बोमा’ नावाच्या नरसाळ्यासारख्या कुंपणाच्या साहाय्याने काळवीट व नीलगायी पकडून सुरक्षित वनांत हलविण्यात आल्या. यावरून पिकांचा व हरिणांचा प्रश्न किती बिकट झाला होता, हे ध्यानी येईल. काळविटास हवे असते ते मोकळे गवताळ रान. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे अभयारण्य 1980 मध्ये स्थापन झाले, ते याच हेतूने.

तेव्हा आपला उत्साह पांजरपोळातील शेळ्या-वासरांकडे वळवावा. जमिनीवर टाकलेला चारा शेण-मुतात तुडवला जातो व त्यातून पोटात जंत जातात. त्यावर उपाय म्हणजे घरगुती गव्हाण. खाद्यतेलाचे 200 लिटरचे रिकामे पिंप घ्यावे. औषधाचे किंवा रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये. ते उभे चिरले की सुमारे 3 फूट लांबीच्या दोन गव्हाणी होतात. धारदार कडांवर जुनी रबरी नळी चिरून बसवावी. तळाशी चार-पाच भोके पाडावी, म्हणजे पाणी साचणार नाही. लाकडी घडवंचीवर गव्हाण अशी घट्ट बसवावी, की काठ जनावराच्या छातीच्या उंचीस येईल. वर बांबूच्या कामट्यांची, खाली निमुळती होणारी, चाऱ्याची जाळी बांधावी. कामट्यांतील अंतर चार बोटांहून अधिक नसावे. नाही तर शेळीची मान अडकते. जाळीतून गळलेला चारा खाली गव्हाणीत पडतो व वाया जात नाही. एका गव्हाणीवर दोन्ही बाजूंनी पाच-सहा शेळ्या खाऊ शकतात, आणि खर्च मुख्यतः मजुरीचाच येतो.

शेवटी पेढीवरचा नियम. बुरशी धरलेले धान्य, औषध लावून रंगविलेले बियाणे, किडनाशक गोळ्यांची राख मिसळलेली झाडण आणि बारदानाच्या सुतळ्या यांपैकी काहीही दानाच्या पोत्यात जाऊ देऊ नये. जो माल आपण गिऱ्हाईकास देणार नाही, तो मुक्या जिवासही देऊ नये. गिऱ्हाईक निदान तक्रार तरी करू शकते.