ओढीची गाडी

रोटाव्हेटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला पीटीओ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या पाठीमागून बाहेर आलेला फिरता दांडा. त्याला मळणी यंत्र जोडा, पंप जोडा, काय वाटेल ते जोडा; इंजिनाची ताकद चाकांऐवजी त्या कामाला लागते. हाच दांडा पिकअप ट्रकला बसवण्याची सोय ठेवून अमेरिकेतल्या डॉज कंपनीने 1946 साली एक गाडी बाजारात आणली. तिचं नाव पॉवर वॅगन. चारही चाकांना जोर पोहोचवणारी, कारखान्यातूनच तशी तयार होऊन येणारी आणि सामान्य गिऱ्हाइकाला विकत घेता येणारी अमेरिकेतल्या बड्या कंपनीची ही पहिली मालवाहू गाडी. पुढची बावीस वर्षं तिचा चेहरा जवळजवळ बदलला नाही. मोटारींच्या धंद्यात दरवर्षी नवा मुखवटा चढवायची रीत असताना हा हट्टच म्हणायचा.

चारही चाकं ओढणारी मालवाहू गाडी तेव्हा नवलाची नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून विस्कॉन्सिन राज्यात जेफरी क्वाड आणि एफडब्ल्यूडीचे ट्रक बनत होते. पण ते अवजड, महाग आणि मुख्यतः सैन्यासाठी. नंतरच्या काळात फोर्डच्या साध्या ट्रकला पुढचा अ‍ॅक्सल बसवून देणारे कारखाने निघाले, तेही मागणीनुसार काम करणारे. शेतकऱ्याने दुकानात जावं आणि अशी गाडी घेऊन यावं, ही सोय दुसऱ्या महायुद्धाने केली.

त्या युद्धात डॉजने मिशिगनमधल्या कारखान्यातून लष्करासाठी डब्ल्यूसी मालिकेच्या गाड्या काढल्या. डब्ल्यूसी म्हणजे ‘वेपन्स कॅरियर’ असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. कंपनीच्या खात्यात डब्ल्यू हे अक्षर 1941 सालासाठी होतं आणि सी अर्ध्या टनासाठी. पुढे गाडी पाऊण टनाची झाली, तरी अक्षरं तशीच राहिली. आधीची अर्ध्या टनाची गाडी उंच आणि अरुंद होती. 1942 मधली पाऊण टनाची बुटकी, रुंद आणि जमिनीवर पाय रोवून उभी राहणारी. सैनिक तिला मोठी जीप या अर्थाने ‘बीप’ म्हणत. मदत म्हणून हजारो गाड्या सोव्हिएत रशियात गेल्या. तिथल्या शिपायांनी तिचं नाव ठेवलं ‘तीन चतुर्थांश’. आपल्याकडे ती त्या रूपात रुळली असती तर ‘पाऊणकी’ झाली असती, याबद्दल मला शंका नाही.

युद्ध संपलं. हीच गाडी चालवून हात बसलेली पोरं शेतावर परतली आणि त्यांना तसलीच गाडी हवी होती. लष्कराने विकायला काढलेला माल कमी पडत होता, कारण बराचसा परदेशातच सोडून दिलेला. डॉजने मग काटकसरीने काम साधलं. लष्करी गाडीची चासी आणि गिअर यांचा वारसा घेतला, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 126 इंच केलं आणि त्यावर युद्धापूर्वीच्या साध्या ट्रकची केबिन चढवली. मागे आठ फुटी हौदा. केबिन म्हणजे अक्षरशः जुना अंगरखा. पुढचे मडगार्ड सपाट आणि रुंद. चार माणसं त्यावर बसून जेवू शकतील, असे.

नावासाठी आधी ‘शेतोपयोगी ट्रक’ अशा धर्तीचं काहीतरी कंपनीच्या मनात घोळत होतं. शेवटी पॉवर वॅगन ठरलं. हे शब्द ट्रकवाल्यांच्या एका जुन्या मासिकाच्या नावावरून उचलले होते. नाव छान बसलं, कारण गाडीचा सगळा हिशेबच ताकदीचा होता.

इंजिन सहा सिलिंडरचं, 230 घनइंचांचं, ताकद 94 अश्वशक्ती. आज गल्लीतल्या छोट्या हॅचबॅकचीही साधारण एवढीच असते. पण अश्वशक्तीचा आकडा इथे फसवा आहे. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी बसवलेलं, कमी दाबावर चालणारं, साधं पेट्रोलही पचवणारं हे इंजिन. ते सावकाश फिरत राहायचं, हेच त्याचं बळ. चार गिअर, त्यांना जोडून वेगळी दोन पायऱ्यांची पेटी. पेटी खालच्या पायरीवर टाकून पहिला गिअर लावला की इंजिनाचे साठ-सत्तर फेरे झाल्यावर चाक एकदा फिरणार. अशी गाडी चिखलात अडकत नाही, चिखल तिच्या वाटेतून बाजूला होतो. वेगाचं मात्र विचारू नका. ताशी 50 मैलांच्या पुढे पळवायची ती गाडीच नव्हती. घाई असेल त्याने दुसरीकडे जावं.

पुढच्या बंपरवर विंच म्हणजे तारेचा रहाट. त्याची ओढण्याची ताकद 10,000 पौंड, म्हणजे साडेचार टन. तो बॅटरीवर नव्हे, तर इंजिनाच्या ताकदीवर चालायचा. मागच्या बाजूला पीटीओचा दांडा आणि हवा असेल तर त्यावर पट्ट्याची चाकी. शेतकरी सकाळी हिच्यात गवत नेई, दुपारी पट्टा लावून लाकूड चिरण्याची करवत फिरवी. डॉजची जाहिरातही गाडीपेक्षा चालत्या इंजिनघरासारखीच चाले. विजेचे खांब रोवणारी पथकं, वणवे विझवणारे वनखात्याचे लोक, जंगलातले लाकूडतोडे आणि सौदी अरबस्तानच्या वाळवंटात तेल शोधणाऱ्या टोळ्या असे सगळे तिचे गिऱ्हाईक झाले. वाळूसाठी तिला फुगीर टायर चढवले जात.

इथे मला पुण्यातल्या खडकीची आठवण होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापनाही 1946 चीच. म्हणजे पॉवर वॅगन बाजारात आली त्याच वर्षी पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहत होता. आपल्याकडचं इंजिन विहिरीच्या काठावर रोवून बसवायचं, त्याचा पट्टा पंपाला किंवा पिठाच्या गिरणीला जोडायचा. हलवायचं झालं तर बैलगाडीत घालायचं. गरज दोन्हीकडे एकच होती: शेतावर फिरती ताकद हवी. अमेरिकेत पैसा होता, पेट्रोल स्वस्त होतं, शेतं मैलोन्‌मैल पसरलेली. म्हणून तिथे इंजिनालाच चाकं लावली गेली. आपल्याकडे ते काम पुढे ट्रॅक्टरने केलं आणि ‘पिकअप’ हा शब्द कांदे नि भाजी वाहणाऱ्या गाडीपुरता उरला.

डॉजचा महाराष्ट्राशी थेट संबंधही आहे, पण तो या गाडीचा नव्हे, तिच्या घराण्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी मोटारीच्या कारखान्याचं स्वप्न पाहिलं आणि त्यासाठी क्रायस्लर कंपनीशी करार केला. डॉज ही क्रायस्लरचीच शाखा. ब्रिटिश सरकारने वाट अडवून धरली, युद्ध मधे आलं, तरी स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज, डिसोटो आणि फार्गो नावाचे ट्रक रस्त्यावर येऊ लागले. फार्गो म्हणजे वेगळी कंपनी नव्हे. डॉजच्याच ट्रकला परदेशात विकताना लावलेली ती पाटी. पॉवर वॅगनही काही देशांत फार्गो म्हणून विकली गेली. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांच्या तोंडी ‘फार्गो’ हा शब्द ज्या आदराने येई, त्यामागे हीच डेट्रॉइटची वंशावळ आहे.

पॉवर वॅगनच्या पुढच्या इतिहासात सांगण्यासारखं फारसं काही नाही आणि हाच तिचा मोठेपणा. गिअर बदलणं थोडं सोपं झालं, सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची वीज आली, 1961 मध्ये मोठं, 251 घनइंचांचं इंजिन बसलं. ताकद वाढून 125 अश्वशक्तीवर गेली. चेहरा तोच. दरम्यान सैन्यासाठी डॉजने एम37 नावाची तिची चुलत बहीण 1951 ते 1968 दरम्यान काढली, तीही याच मातीची.

बदल बाहेर घडत होता. विलीज कंपनीचा जीप ट्रक 1947 मध्येच आला होता. 1956-57 मध्ये जीएमसी आणि शेव्हरोले, मग 1959 मध्ये फोर्ड, या सगळ्यांनी कारखान्यातच बनवलेले, चारही चाकांना जोर पोहोचवणारे पिकअप आणले. त्यांच्या केबिनमध्ये बसून माणूस शहरात जाऊ शकत होता, सासऱ्यासमोर लाज वाटत नव्हती. डॉजनेही 1957 मध्ये आपल्या नव्या, गोऱ्यागोमट्या पिकअपला ‘पॉवर वॅगन’ हेच नाव दिलं. मला या गाडीच्या इतिहासातलं खरं वळण इथे दिसतं. या वर्षापासून नाव एकीकडे निघालं आणि लोखंड दुसरीकडे.

लोखंडाची कहाणी आधी संपवतो. नव्या संघीय सुरक्षा नियमांत ही म्हातारी बसेना, म्हणून 1968 मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबली. कारखान्यातलं साचेकाम मात्र सुरूच राहिलं. परदेशात, विशेषतः अमेरिकी मदतीवर पोसलेल्या सैन्यांसाठी, ती 1978 पर्यंत बनत होती. म्हणजे युद्धापूर्वीची केबिन डोक्यावर घेऊन ती माणूस चंद्रावर उतरल्यानंतर नऊ वर्षं नवीकोरी बाहेर पडत राहिली.

नाव चैनीच्या दिशेने गेलं. सत्तरच्या दशकात त्या नावाच्या गाड्यांवर रंगीबेरंगी पट्टे आले. मग 1980 नंतर ते पॉवर रॅम झालं. पुढे 2005 मध्ये रॅम ट्रकच्या एका दणकट प्रकाराला पुन्हा पॉवर वॅगन हे नाव मिळालं आणि त्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे कारखान्यातूनच 12,000 पौंडांचा विंच आला. तो विजेवर चालतो, बंपरच्या मागे लपलेला असतो. पीटीओ मात्र नाही. करवत फिरवणाऱ्या गाडीच्या नातीला करवतीची गरज उरली नाही, यात तिचा दोष काय?

याउलट जुन्या गाड्यांना आता वेगळेच गिऱ्हाईक मिळाले आहेत. पाश्चात्त्य देशांत काही कारागीर जुनी पॉवर वॅगन सुटी सुटी करून, आत आधुनिक इंजिन, चामड्याच्या गाद्या आणि वातानुकूलन बसवून लाख डॉलरच्या वर किंमत लावतात. घेणारे घेतात. चिखलात उतरण्याआधी त्यांना रंगाची काळजी वाटत असावी. माझं मन त्या कारागिरीला दाद देतं, पण ओढीसाठी जन्मलेली गाडी दिवाणखान्यात उभी बघणं म्हणजे कुस्तीगिराला शेरवानी घालून फोटोला बसवण्यासारखं.

दुसरा प्रकार आयोवा राज्यातल्या फेअरफिल्ड या छोट्या गावात दिसतो. तिथे दर जूनमध्ये पॉवर वॅगनवाल्यांचा मेळा भरतो. गंजलेले सांगाडे रांगेने उभे असतात आणि माणसं त्यांच्या आजूबाजूला हात मळवत फिरतात. युद्धातल्या गाडीचे बरेचसे भाग नंतरच्या पॉवर वॅगनलाही बसतात. त्यामुळे कुणाला अ‍ॅक्सलचा एखादा भाग हवा असेल, तर तो विकणारा आधी सालही विचारत नाही. तो नुसता बोटाने गंज खरवडतो आणि आकडा वाचतो.