खर्रा जिथे ठेवतात ती खाच
तोंडाची जडणघडण : लेखांक 7

पवनीकडच्या कुठल्याही पानठेल्यावर खर्रा एकाच रीतीने होतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घ्यायचा, पाण्याचा शिंतोडा द्यायचा, ओलसर होईस्तोवर घोटायचा आणि पुडी बांधायची. घेणारा त्यातला चिमूटभर दाढ आणि गालाच्या मधे सारतो आणि बराच वेळ तिथेच राहू देतो. ही गालाची खाच कशी तयार होते आणि तिचे अस्तर कसे असते, एवढेच आज पाहू.

गर्भ साधारण 37 दिवसांचा असताना ओठ, गाल आणि हिरडी असे वेगवेगळे काही नसते. दोन्ही भावी जबड्यांवर एपिथेलियम जाड होऊन कमानीच्या आकाराचा एक पट्टा उमटतो. या पट्ट्याला दोन फाटे फुटतात. आतला फाटा म्हणजे डेंटल लॅमिना, दातांचे अंकुर देणारी. ती आपण मागच्या आठवड्यात पाहिली. बाहेरचा फाटा म्हणजे वेस्टिब्युलर लॅमिना. तिच्या पेशी झपाट्याने वाढतात, फुगतात आणि मग मधल्या पेशी मरून जातात. मधे फट पडते, गाल हिरडीपासून सुटा होतो. परीक्षेच्या घाईत ही ओळ वाचून पुढे जाऊ नका. शरीराची घडण पेशींच्या वाढण्याइतकीच त्यांच्या वेळेवर मरण्यावरही चालते, आणि त्याचे इतके सोपे उदाहरण तोंडात दुसरे नाही.

गाल घडताना वरच्या आणि खालच्या जबड्याचे उंचवटे एकमेकांत मिसळतात. त्या सांध्याच्या रेषेवर पुष्कळांच्या गालात आतून बारीक पिवळसर दाणे दिसतात. या चुकून तोंडात राहिलेल्या त्वचेच्या तैलग्रंथी. त्यांना फॉर्डायस दाणे म्हणतात. ते निरुपद्रवी असतात. रुग्ण घाबरून आला तर त्याला धीर द्या.

आता गालाची स्लाइड. वर अनेक थरांचे, केराटिन न चढलेले एपिथेलियम. जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. हिरडी आणि टाळूवर केराटिनचे कवच असते, कारण घास तिथे घासला जातो. गालाला ताणायचे असते, म्हणून त्याचे अस्तर मऊ. एपिथेलियमची बोटे खालच्या लॅमिना प्रोप्रियात शिरलेली दिसतात. तिथे कोलॅजेनचे तंतू, त्यांच्यासोबत लवचीक इलॅस्टिक तंतू आणि भरपूर रक्तवाहिन्या. त्याखाली लाळेच्या लहान ग्रंथी, आणि मग बक्सिनेटर स्नायू. जांभई देताना गाल सहज ताणला जातो तो या रचनेमुळे.

सुपारीतले अरेकोलिन नेमके इथे मुरते. ते फायब्रोब्लास्ट पेशींना जादा कोलॅजेन बनवायला लावते. सुपारीत तांबेही बरेच असते, आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला तांबेच लागते. परिणाम असा की कोलॅजेन जास्त बनते, आणि बनलेले मोडत नाही. स्लाइडवर एपिथेलियम पातळ झालेले, त्याची बोटे सपाट झालेली आणि खाली काचेसारखा एकसंध गुलाबी पट्टा दिसतो. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. रुग्णाच्या भाषेत हेच म्हणजे तिखट झोंबते, गाल पांढरा पडतो, तोंड उघडत नाही. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये ही अवस्था नोंदवली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत जोशी यांनी तिला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटले.

केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा 66 रुग्णांवर 17 वर्षे नजर ठेवली गेली. त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास प्रत्येक दंतविद्यार्थ्याला पाठ असावा. खर्ऱ्यात सुपारीसोबत तंबाखूही असतो, हे विदर्भातल्या विद्यार्थ्याने त्यात आणखी धरायचे. खर्रा सोडल्यावर जळजळ पुष्कळदा कमी होते, पण एकदा बसलेला कोलॅजेनचा पट्टा आपोआप विरघळत नाही. म्हणून लवकर ओळखण्याला पर्याय नाही, आणि लवकर ओळखायला यंत्र लागत नाही. निरोगी प्रौढाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात.

या आठवड्याच्या प्रॅक्टिकलला गालाची निरोगी स्लाइड आणि फायब्रोसिसची स्लाइड शेजारी ठेवून दोन्ही काढा, लॅमिना प्रोप्रिया रंगवून. आणि सुटीत गावी गेलात की घरातल्या खर्रा खाणाऱ्या काकांना, भावाला तोंड उघडायला सांगा, तीन बोटे मावतात का पाहा, गालाच्या आतून बोट फिरवून कडक दोरीसारखे काही लागते का तपासा. बोटे मावली नाहीत किंवा दोरीसारखे काही लागले, तर त्यांना त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे घेऊन जा.