शिलकीतली अश्वशक्ती

इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी हौसेने सांभाळणारे पुष्कळ लोक आहेत. सुटीच्या दिवशी ती गाडी बाहेर काढायची आणि एरवी कामावर जायला साधी लहान मोटार वापरायची, असा अनेकांचा शिरस्ता. मग सोमवारी तक्रार सुरू होते : या गाडीत ‘ती ताकद’ नाही! गंमत अशी, की रोजच्या रस्त्यावर दोन्ही गाड्या एकाच वेगाने जातात. मग चुकल्याचुकल्यासारखे वाटते ते कशामुळे? तुम्ही शाळेत शिकलेल्या सूत्रांनी या प्रश्नाचा छडा लावता येतो.

उदाहरणाला जॅग्वार कंपनीची ‘ई-टाइप’ घेऊ. ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तिचा आकार ठरवणारे माल्कम सेयर पूर्वी विमानाच्या कारखान्यात काम करत होते. सहा सिलिंडरांचे ३.८ लिटरचे इंजिन, कंपनीने सांगितलेली शक्ती २६५ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ कि.मी. त्या वेळी ब्रिटनच्या मोटारमार्गांवर वेगमर्यादाच नव्हती! ताशी ७० मैलांची मर्यादा आली ती डिसेंबर १९६५ मध्ये.

आता हिशेब करू. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना इंजिनाला दोनच गोष्टींशी झगडावे लागते : चाकांचा लोटण-विरोध आणि हवेचा विरोध. चालकासह गाडीचे वस्तुमान १,३०० किलोग्रॅम धरले, तर पहिला विरोध सुमारे १९० न्यूटन येतो आणि तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दुसरा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा आकाराच्या गाडीसाठी तो अंदाजे ०.४२ × वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रतिसेकंदात) इतका धरू. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. शहरातल्या ताशी ४८ कि.मी. वेगाला उत्तर येते सुमारे साडेतीन किलोवॅट, म्हणजे जेमतेम ५ अश्वशक्ती! ताशी ८० कि.मी.ला १२ आणि ताशी २४१ कि.मी.ला सुमारे १८६. (२६५ हा आकडा इंजिन गाडीबाहेर, पंख्यासारखे जोड काढून मोजलेला असल्यामुळे शेवटच्या उत्तराने बुचकळ्यात पडू नका. चाकांपर्यंत पोचणारी शक्ती बरीच कमी असते.)

थोडक्यात, रोजच्या प्रवासात ई-टाइपची बहुतेक शक्ती शिलकीत पडून असते. चालकाला हवीशी वाटते ती हीच शिल्लक, कारण वेग वाढवायचा झाला की ती खर्ची पडते.

समजा, पुढे एक मालमोटार आहे आणि ताशी ८० वरून १०० कि.मी.वर जायचे आहे. ½mv² या सूत्राने ई-टाइपला त्यासाठी सुमारे १८१ किलोजूल जादा गतिज ऊर्जा लागते. १,१०० किलोग्रॅमच्या लहान गाडीला १५३ किलोजूल पुरतात. फरक फार नाही. पण ती ऊर्जा किती लवकर मिळते?

इथे एक बारकावा आहे. कागदावरची अश्वशक्ती इंजिन जोरात फिरत असतानाची असते. वरच्या गिअरमध्ये ताशी ८० कि.मी.ला ते मिनिटाला साधारण २,००० फेरेच घेत असते. त्या क्षणी मिळणारी शक्ती म्हणजे फिरवण्याचा जोर, अर्थात टॉर्क, गुणिले कोनीय वेग. २,००० फेरे म्हणजे सेकंदाला २०९ रेडियन. टर्बो नसलेल्या लहान इंजिनाचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर धरला, तर शक्ती होते २८ अश्वशक्ती. ई-टाइपचा ३०० धरला, तर ८४. दोन्हींतून वाटखर्चाचे १२ वजा करा. शिल्लक १६ आणि ७२! इंजिनाचा जोर तिप्पट, शिल्लक मात्र साडेचारपट. ई-टाइपला वेग वाढवायला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतील, तर लहान गाडीला जवळजवळ तेरा. गिअर खाली टाकला तर लहान गाडीचाही वेळ निम्म्याहून कमी होईल, पण इंजिन ओरडू लागेल. ई-टाइपमध्ये नुसता पाय दाबायचा. माझ्या मते तक्रारीचे खरे मूळ या आयत्या जोरात आहे.

आपल्या शरीराचाही यात वाटा आहे. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. गाडीचा वेग वाढला की ते मागे रेलतात, त्यांच्याखालचे केस वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. वेग स्थिर असेल तर, मग तो ताशी ४८ असो वा २४१, हे खडे गप्प! त्यांना कळते ते त्वरणच.

ही शिल्लक फुकट मिळत नाही. ५ अश्वशक्तीसाठी मोठे इंजिन चालवताना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. सहा दट्ट्यांना त्या फटीतून हवा ओढावी लागते, शिवाय त्यांचे घर्षण आहेच. पेट्रोलचा बराच भाग यातच जातो. गाडी गर्दीत अडकली की हा तोटा अधिकच जाणवतो.

विजेच्या मोटारीत ही अडचण नाही. तिचा टॉर्क जागेवरूनच पुरा मिळतो आणि गाडी थांबली की तिला काही खावे लागत नाही. २०१७ मध्ये जॅग्वारनेच एका जुन्या ई-टाइपमधले इंजिन काढून तिथे विजेची मोटार बसवून दाखवली. जोर भरपूर होता. सहा सिलिंडरांचा आवाज मात्र गेला, आणि अनेक शौकिनांना नेमके तेच रुचले नाही.