मेंदूतील अनाथ ग्राहींचा शोध

ग्राही म्हणजे काय?

ग्राही हे सहसा पेशीपटलात रुतलेले प्रथिन असते. विशिष्ट रसायन बाहेरून त्याला जुळले की त्याचा आकार बदलतो आणि पेशीच्या आत रासायनिक प्रक्रियांची साखळी सुरू होते. ग्राहींचे एक मोठे कुळ पेशीच्या आतील जी-प्रथिनांमार्फत काम करते. या कुळातील प्रत्येक ग्राही पटलातून सात वेळा आरपार जातो.

नवे जनुक कसे सापडते?

एकाच कुळातील जनुकांच्या क्रमात साम्य असते. त्या आधारे पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या तंत्राने किंवा जीनोमच्या माहितीतून अज्ञात जनुके शोधता येतात. मेंदूच्या पातळ कापावर चिन्हांकित आरएनए किंवा डीएनएचे तुकडे टाकले की जनुक कोणत्या भागात सक्रिय आहे तेही दिसते. मात्र ग्राहीला जुळणारे रसायन कोणते, हे एवढ्यावरून ठरत नाही. ते सापडेपर्यंत त्या ग्राहीला ‘अनाथ’ म्हणतात.

जोडीदाराचा शोध

पूर्वी रसायन आधी माहीत असे आणि ग्राही नंतर सापडे. येथे क्रम उलटा असतो. अनाथ ग्राहीचे जनुक प्रयोगशाळेतील पेशींमध्ये घालतात. मेंदूच्या अर्काचे अनेक अंश करून एकेक अंश त्या पेशींना देतात. एखाद्या अंशाने पेशीतील कॅल्शियम वाढले, तर जोडीदार त्यातच असण्याची शक्यता असते. अमेरिकेत साकुराई, यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने १९९८ मध्ये ओरेक्सिन नावाचे रेणू शोधले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने हेच रेणू स्वतंत्रपणे शोधून त्यांना हायपोक्रेटिन म्हटले.

भुकेकडून झोपेकडे

ओरेक्सिन तयार करणाऱ्या चेतापेशी हायपोथॅलॅमसमध्ये असतात. मेंदूत ओरेक्सिन टोचल्यावर उंदीर जास्त खात, म्हणून आधी त्याचा संबंध भुकेशी जोडला गेला. १९९९ मध्ये चित्र पालटले. नार्कोलेप्सी (अनावर झोप येण्याचा विकार) असलेल्या डॉबरमन कुत्र्यांचे स्नायू आवडते खाणे समोर येताच एकाएकी शिथिल पडत. त्यांच्या दुसऱ्या ओरेक्सिन ग्राहीच्या जनुकात दोष आढळला. जागेपण टिकवणारी यंत्रणा अशी उलगडली.

उपयोग आणि मर्यादा

दोन्ही ओरेक्सिन ग्राही रोखणाऱ्या सुव्होरेक्संट या निद्रानाशावरील औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. तरी प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. स्नायू शिथिल पडणाऱ्या नार्कोलेप्सीच्या बहुतेक रुग्णांत ग्राही शाबूत असतो. ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. शिवाय आरएनए आढळला म्हणून प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर कार्यरत आहेच, असे सिद्ध होत नाही. म्हणून जनुक, त्याचे स्थान, जुळणारे रसायन आणि वर्तनावरील परिणाम हे चारही दुवे जुळल्यावरच ग्राहीचे कार्य समजले असे म्हणता येते.