वर्धा, बाल्टिमोर, गडचिरोली

वर्ध्याजवळ पिपरी मेघेत आर्वी रोडवर शिक्षा मंडळाचं बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की तिथल्या तरुण मुलांचं बोलणं देश, फी, शैक्षणिक कर्ज आणि व्हिसा यांभोवतीच फिरतं. परदेशात जाऊन नेमकं शिकायचं काय, हे विचारणारे थोडे. मला तोच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो, आणि त्याचं उत्तर शोधणारं एक घर वर्ध्यातच होतं.

याच शिक्षा मंडळाच्या गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयात ठाकुरदास बंग अर्थशास्त्र शिकवत. बेचाळीसच्या लढ्यातला तुरुंगवास भोगून आल्यावर त्यांनी अमेरिकेत पीएचडी करायचं ठरवलं, प्रवेशही मिळवला. जाण्याआधी ते सेवाग्रामला गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. अर्थशास्त्र शिकायचं तर अमेरिकेऐवजी खेड्यात जा, असं गांधीजींनी सुचवलं. बंगांनी प्रवेशाचे कागद फाडले आणि विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात राहायला गेले.

त्यांचा मुलगा अभय मात्र अमेरिकेला गेला, तोही खेड्यातूनच. डॉ. अभय आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग वर्धा जिल्ह्यातल्या गावांत काम करत होते. रोजगार हमीची मजुरी तेव्हा दिवसाला ४ रुपये होती. हा दर कोणत्या हिशेबानं ठरला, ते अभय बंगांनी तपासलं, तेव्हा मजुराच्या गरजांचं गणितच चुकलेलं आढळलं. पुढे दर १२ रुपयांवर गेला. दवाखान्यात बसून किती जणांना औषध देता आलं असतं? इथे एका अभ्यासानं राज्यभरच्या मजुरांच्या घरात धान्य वाढवलं. अशा संशोधनाची विद्या नीट शिकायची, म्हणून दोघं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तिथले त्यांचे शिक्षक कार्ल टेलर मसुरीत जन्मलेले आणि पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांत संशोधन केलेले निघाले, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

सार्वजनिक आरोग्याचं शास्त्र एक साधी शिस्त लावतं. दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून गाव कळत नाही; न आलेल्यांनाही मोजावं लागतं. १९८६मध्ये गडचिरोलीत त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं आणि हीच शिस्त तिथे कामी आली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी झाली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, पण त्यासाठी पूर्वी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हा अभ्यास छापला.

पण खरं शिक्षण परतल्यावरही चालू राहिलं. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. आजार होता, आकडे होते. लोकांना मात्र ती आपली निकड वाटत नव्हती. संशोधकाची उत्सुकता आणि गावाची गरज या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्यांना आदिवासींनी शिकवलं. दवाखानाही मग लोकांच्या इच्छेनं दंतेश्वरी देवीच्या नावानं उभा राहिला.

लोकांचं ऐकत ते अर्भकमृत्यूंपाशी पोचले. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं: बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, औषध देणं. या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९मध्ये प्रसिद्ध झालं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हेच काम २०११पासून देशभरच्या आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. पिपरी मेघेतल्या बाळंतिणीकडेसुद्धा.